‘मिल्यांग’ : आईच्या आधी देवानंच माफ केलं तर?

रानजाई

(शेवटापर्यंतचं कथानक लिहिलं आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या, मग वाचा.)

दोन रविवार उलटले तरी हा सिनेमा डोक्यातून जात नाहीये. कोरियन आहे, २००७ चा. मूळ नाव ‘मिल्यांग’, बाहेरच्या जगात ‘सिक्रेट सनशाईन’. दिग्दर्शक ली चांग-दोंग. शिन-ए झालेल्या जॉन दो-यॉनला त्या वर्षी कानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं मला माहीतही नव्हतं. सिनेमा संपल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते, मग ही बाई कोण म्हणून शोधलं तेव्हा कळलं.

नवरा अपघातात गेला म्हणून शिन-ए सोल सोडते आणि लहानग्या जूनला घेऊन नवऱ्याच्या गावी, मिल्यांगला, राहायला निघते. गावात पोचायच्या आधीच गाडी बंद पडते. मदतीला येतो जोंग-चान, तिथला गॅरेजवाला. चाळिशीला आलेला, बिनलग्नाचा, भाबडा. ती पियानोच्या शिकवण्या सुरू करते. नवख्या गावात आपण अगदीच बिचाऱ्या दिसू नये म्हणून जमीन घ्यायचीय, पैसे गुंतवायचेत, असं चारचौघांत बोलत राहते. खरं तर बँकेत फारसं काही नाही. पण ते बोलणं कुणीतरी ऐकतं आणि एका रात्री जूनला पळवून नेतात. खंडणीसाठी होतं नव्हतं ते सगळं ती देऊन टाकते. तरी मुलगा जिवंत परत मिळत नाही. मारणारा कोण, तर जून ज्या शिकवणीला जायचा तिथला संचालक. मुलांना गाडीतून घरी सोडणारा.

अंत्यविधीला तिच्या डोळ्यांत टिपूस येत नाही. सासू सगळ्यांसमोर तिलाच बोलते. पुढे एक दिवस ‘दुखावलेल्या जिवांसाठी प्रार्थना’ असा फलक बघून ती आत जाते, मागच्या बाकावर बसते आणि तिथे तिला रडू फुटतं. ते रडणं नुसतं बघणंसुद्धा अवघड आहे. खोकला, उमाळा, ओरडणं, सगळं एकात एक. पाद्री येऊन डोक्यावर हात ठेवतात आणि ती हळूहळू शांत होते. त्यानंतर ती मनापासून चर्चची होते. हसायला लागते. आणि ठरवते, तुरुंगात जाऊन त्या माणसाला माफ करायचं.

पुढचा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन बघितला. काचेपलीकडे तो येऊन बसतो. अंगावर कैद्याचे कपडे, पण चेहरा निवांत. ती म्हणते, वाटलं होतं त्यापेक्षा तब्येत बरी दिसतेय. मग ती देवाच्या प्रेमाबद्दल बोलायला लागते, आणि तो आनंदानं सांगतो की मलाही इथे देव भेटला. मी गुडघे टेकून पश्चात्ताप केला, त्यानं माझं पाप माफ केलं, आता मनाला शांती आहे, तुमच्यासाठीही प्रार्थना करतो. त्याच्या बोलण्यात खोटं काही नाही, आणि तेच जास्त लागतं. बाहेर गाड्यांच्या आवारात येते आणि कोसळते.

नंतर चर्चची मंडळी समजवायला येतात तेव्हा ती विचारते, मी माफ करायच्या आधी देवानं त्याला माफ कसं केलं? उत्तर कुणाकडेच नसतं. माझ्याकडेही नाही, म्हणून हा धागा. मला हे इतकं लागण्याला घरातलं एक कारण आहे. जमलं तर पुढे लिहीन.

मुळशीकर

तुरुंगातला प्रसंग झाला आणि मी बंद केला होता. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तुमचं वाचून वाटतंय, आता पुढचा अर्धा बघावा.

सुवोन-सातारा

सहा वर्षं इथे आहे, म्हणून थोडं इथलं लिहितो.

रात्री कोरियातल्या कुठल्याही शहराकडे उंचावरून बघा, लाल दिव्यांचे क्रूस दिसतात. एकेका चौकात तीन-तीन. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीतून मोजायला लागलो होतो, अकरापर्यंत पोचलो. २०१५ च्या जनगणनेत १९.७ टक्के लोकांनी प्रोटेस्टंट, १५.५ टक्के लोकांनी बौद्ध आणि ७.९ टक्के लोकांनी कॅथलिक असं सांगितलं. निम्म्याहून जास्त लोकांनी कुठलाच धर्म नाही असं नोंदवलं. म्हणजे शिन-ए सुरुवातीला जिथे उभी आहे, तिथे निम्मा देश उभा आहे, आणि तिला बोलावणारी शेजारीण प्रत्येक इमारतीत आहे.

ती औषधाच्या दुकानातली बाई आठवते ना? उन्हाच्या तिरिपेतही देवाची इच्छा आहे, असं सांगणारी. शिन-ए त्या उन्हात हात धरून म्हणते, इथे काय आहे? नुसतं ऊन आहे. अशा बायका मी रोज भेटतो. आमच्या मजल्यावरच्या आजी पहाटे पाचच्या प्रार्थनेला जातात. बर्फ असो, पाऊस असो. मी आजारी पडलो तेव्हा भाताची पेज आणि मुळ्याचं किमची घेऊन आल्या होत्या. आत आल्या आणि मला न विचारता माझ्यासाठी प्रार्थना करून गेल्या. मला राग आला नाही, खरं तर बरं वाटलं. पण माझं दुखणं तापाचं होतं. शिन-एसारखं असतं तर बरं वाटलं असतं का, माहीत नाही.

इथे प्रार्थनेची एक रीत आहे. सगळे मिळून ‘जुयो’, म्हणजे ‘हे प्रभू’, असा तीनदा मोठ्यानं पुकारा करतात आणि मग प्रत्येक जण आपापलं गाऱ्हाणं एकाच वेळी मोठ्यानं मांडतो. बाहेरून ऐकलं तर पाऊस कोसळल्यासारखं वाटतं. त्या गलक्यात एखाद्याचा हुंदका लपून जातो. शिन-एला तिथेच रडता का आलं, हे मला या रीतीमुळे कळलं.

गावाच्या नावाबद्दल. मिल्यांग हे बुसानच्या वरच्या अंगाचं, दक्षिण ग्योंगसांग प्रांतातलं साधं गाव. नाव चिनी अक्षरांत लिहिलं की ‘यांग’ म्हणजे ऊन आणि ‘मिल’ म्हणजे दाट किंवा गुप्त. ‘गुप्त ऊन’ हा अर्थ शिन-एला ठाऊक आहे. जोंग-चान तिथेच वाढला, पण त्याच्या डोक्यात ते कधी आलेलंच नाही. त्या भागाची बोली राकट आणि तुटक आहे, सोलच्या लोकांना भांडल्यासारखी वाटते. जोंग-चान झालेला सोंग कांग-हो शेजारच्याच गिम्हेचा, त्यामुळे ती बोली त्याच्या तोंडात घरची आहे. शिन-ए सोलच्या स्वच्छ भाषेत बोलते. दोघांमधलं अंतर पहिल्या वाक्यालाच ऐकू येतं. हे भाषांतराच्या ओळींत उतरत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वसईची_लेक

रानजाई, मी कॅथलिक आहे. तुमची पोस्ट वाचून आधी थोडी दुखावले, मग रात्री सिनेमा बघितला आणि आता लिहितेय.

आमच्याकडे पापनिवेदन म्हणजे फादरांना सांगितलं आणि मोकळं झालं असं नसतं. लहानपणी प्रथम कम्युनियनच्या तयारीत सिस्टरांनी घोकून घेतलं होतं : मनापासून पस्तावा, कबुली आणि भरपाई. चोरलं असेल तर परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सरळ सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे माझ्या धर्मातच रस्ता माणसाच्या दारावरून जातो.

त्या कैद्यानं तो रस्ता चुकवला. देवानं त्याला माफ केलं की नाही ते मी कोण सांगणार. पण त्या काचेसमोर बसल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य ‘माझं चुकलं’ हे यायला हवं होतं. तो स्वतःच्या शांतीबद्दल बोलत राहिला. तिच्या मुलाचं नावही घेतलं नाही. मी ते नाव ऐकायला कान लावून बसले होते.

माझा राग त्याच्यापेक्षा त्या चर्चच्या लोकांवर जास्त आहे, आणि माझ्याच माणसांवर रागवावं तसा तो राग आहे. ती तुरुंगात जाते म्हटल्यावर त्यांनी तिचं कौतुक केलं. कुणी तिला म्हणालं नाही, बाई, थांब, घाई कसली? माझे वडील गेले तेव्हा आमचे म्हातारे फादर घरी आले, आईशेजारी बसले, चहा प्यायले आणि गेले. उपदेशाचा एक शब्द नाही. आई अजून त्यांचं नाव काढते.

गोधडी

वसईची_लेक यांना शंभर वेळा हो.

सिनेमा धर्माविरुद्ध आहे असं म्हणतात, मला ते पटत नाही. चर्चमधली माणसं वाईट दाखवलेलीच नाहीत. पुढे शिन-ए त्यांच्याशी नको नको ते वागते. उघड्यावरच्या मोठ्या सभेत चोरलेली सीडी लावून ‘खोटं आहे हे’ असं जुनं गाणं कर्ण्यांवर वाजवते, चर्चची मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत बसलेली असताना खिडकीवर दगड मारते. तरी ती तिच्यासाठी प्रार्थना करणं सोडत नाहीत. चांगलीच आहेत. फक्त त्यांना तिचं दुःख लवकर संपायला हवंय.

मला सगळ्यात जास्त लागलेला प्रसंग वेगळा आहे. खंडणीचा फोन येतो तेव्हा ती रस्त्यानं धावत जोंग-चानच्या गॅरेजपाशी जाते. काचेतून आत बघते, तर तो एकटाच माइक घेऊन यंत्रावर गाणी म्हणतोय, रंगात येऊन. ती तिथे उभी राहते. आणि हाक न मारता परत फिरते. तेव्हा हाक मारली असती तर? सिनेमा हा प्रश्न पुन्हा काढत नाही. मी मात्र शेवटपर्यंत तोच काढत बसले.

अनिकेत७१

मूळ कथेबद्दल थोडं, कारण त्याशिवाय ‘माफी कुणी करायची’ या प्रश्नाचं वजन कळत नाही.

सिनेमा ई चोंग-जुन यांच्या १९८५ च्या कथेवर बेतला आहे. कथेत नवरा जिवंत आहे आणि तोच गोष्ट सांगतो. मिल्यांग नाही, जोंग-चानही नाही. कथेतली आई शेवटी जीव देते. १९८५ म्हणजे चुन दू-ह्वानची लष्करी राजवट. त्याआधी पाचच वर्षं, मे १९८० मध्ये, ग्वांग्जू शहरात लष्करी कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर सैन्यानं गोळ्या घातल्या होत्या. शेकडो माणसं गेली. त्यावर उघड बोलायची सोय नव्हती.

ली चांग-दोंग यांनी सांगितलंय की त्यांनी ही कथा १९८८ च्या सुमारास वाचली. संसदेत ग्वांग्जूची सुनावणी चालू होती आणि आता झालं गेलं विसरून एकमेकांना माफ करू या अशी भाषा सुरू झाली होती. कथेत ग्वांग्जूचा उल्लेख नाही, तरी ही ग्वांग्जूचीच गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. ज्याचा मुलगा गेला त्याला कुणी विचारलंच नाही, आणि वरच्या वर माफी होऊन गेली.

पुढे काय झालं तेही बघा. १९९६ मध्ये चुनला फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी देऊन त्याला सोडलं. राष्ट्रीय सलोख्यासाठी. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो घरीच वारला. ग्वांग्जूच्या आयांची माफी त्यानं शेवटपर्यंत मागितली नाही.

ली आधी शाळेत शिक्षक होते, मग कथा-कादंबरीकार, मग दिग्दर्शक. २००३ आणि २००४ मध्ये ते देशाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी केलेला पहिला सिनेमा हा. सरकार आत बसून बघितलेल्या माणसानं नंतर एका बाईच्या घरात जाऊन हा प्रश्न विचारावा, याचा मला फार आदर वाटतो.

सुवोन-सातारा

अनिकेत, छान माहिती. वसईची_लेक यांच्या मुद्द्याला धरून एक. कोरियन प्रोटेस्टंट मंडळी आपलं मूळ १९०७ च्या प्योंगयांगच्या धर्मजागृतीत मानतात. तेव्हा लोक भर सभेत उठून रडत आपली पापं कबूल करत आणि सभा संपल्यावर ज्याचं नुकसान केलं त्याच्या घरी जाऊन चोरलेले पैसे परत देत. म्हणजे दारावरून जाणारा रस्ता इथेही होताच.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. आता माझं लिहिते.

माझा धाकटा भाऊ २०११ मध्ये गेला. रात्री दुचाकीवरून येत होता, समोरून टेम्पो आला. चालक प्यायलेला होता. खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. सुटल्यावर काही महिन्यांनी आमच्या घरी आला, त्याच्या मामाला घेऊन. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. हातात नारळ. मी तेव्हा माहेरी होते.

आईनं त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो म्हणाला, माउली, मी दारू सोडली, माळ घातली, दोन वाऱ्या झाल्या, विठ्ठलानं पदरात घेतलं, आता चित्त शांत आहे. हे सगळं तो हात जोडून म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. ढोंग नव्हतं, आजही मी तेच सांगेन.

आई काही बोलली नाही. उठून आत गेली. मी मागे गेले, तर ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्या तांदळात खडा नव्हता, ते सकाळीच निवडून झाले होते. ती एकेक दाणा बाजूला करत होती. बाहेर तो आणि मामा बसलेले. अर्ध्या तासानं ते नारळ पाटाशेजारी ठेवून निघून गेले. तो नारळ आम्ही फोडलाही नाही आणि टाकलाही नाही. कोनाड्यात वाळून गेला.

माझी आजी माळकरी होती. वारीबद्दल मनात वाकडं नाही, कधीच नव्हतं. पण त्या दिवसापासून एकादशीला आईनं देवळात जाणं सोडलं, आणि मला ते का ते नीट सांगता येत नव्हतं. काचेपलीकडचा तो निवांत चेहरा बघितला आणि मला पाटावर बसलेला तो दिसला.

चंद्रभागा

रानजाई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. माझे वडील फड सांभाळायचे. त्यांच्याकडे माळ घालायला कुणी आलं की ते आधी घरची चौकशी करायचे. भावाशी बोलणं आहे का, कुणाचं देणं आहे का. असेल तर म्हणायचे, ते उरकून ये, पांडुरंग कुठे पळून जात नाही. वसईच्या ताईंनी लिहिलं ते वाचताना मला वडिलांचाच आवाज आला.

आणि आईंनी देवळात जाणं सोडलं याचं वाईट वाटून घेऊ नका. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. त्यानंतर त्यांनी विठ्ठलाशी किती भांडण केलंय. नाही नाही ते बोललेत त्याला. ते भांडणही आपण टाळ वाजवून गातो. शिन-ए आकाशाकडे बघून बोलते ना, बघतोयस ना म्हणून? देव नाहीच असं ज्याला वाटतं तो असं वर बघून बोलत नाही. ती सगळा वेळ त्याच्याशीच बोलतेय.

मुळशीकर

काल राहिलेला भाग बघितला. तिनं मनगट कापून घेतल्यावर रस्त्यावर येऊन ‘वाचवा मला’ म्हणते, तिथे पुन्हा थांबावं लागलं. पण या वेळी पाणी पिऊन पुढे बघितला.

शेवटाकडे जोंग-चान सांगतो की आधी शिन-एसाठी चर्चला जायचो, आता सवय झालीय, नाही गेलं तर चुकल्यासारखं वाटतं. तोवर तिनं चर्च सोडलेलं असतं. हा तिथे रविवारी गाड्या लावून द्यायचं काम करतो. सिनेमातली श्रद्धेची सगळ्यात लहान आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट तीच.

गोधडी

आणि कपड्यांच्या दुकानवाली! सुरुवातीला शिन-ए तिला सांगते की दुकान अंधारं वाटतं, रंग बदला, उजळ करा. ती बाई मागून नावं ठेवते. शेवटी शिन-ए रुग्णालयातून बाहेर येते आणि केस कापायला जाते, तर नेमकी त्या खुन्याची मुलगी तिथे कामाला. ती अर्ध्यातून उठून बाहेर पडते. रस्त्यात ही दुकानवाली भेटते आणि सांगते, तुझं ऐकून दुकान बदललं, आता गिऱ्हाईक येतं. तिचे ते अर्धवट कापलेले केस बघून दोघी हसतात. नंतर घराच्या अंगणात शिन-ए स्वतः कात्री घेऊन बसते आणि जोंग-चान समोर आरसा धरून उभा राहतो. केस वाऱ्यानं उडत जातात, कॅमेरा त्यांच्यामागे जातो आणि अंगणातल्या मातीवर, एका साध्या ओल्या कोपऱ्यावर पडलेल्या उन्हावर थांबतो. पहिली चौकट आठवा, गाडीच्या काचेतून दिसणारं आभाळ. तिथून निघून सिनेमा इथे मातीवर येऊन थांबतो.

वसईची_लेक

ती मुलगी केस कापताना रडत असते. माफी मागायला त्या घरातून कुणी आलंच असेल तर ती आली, आणि शिन-एला तेव्हा ते झेपलं नाही. मला तिचं उठून जाणं बरोबर वाटलं.

रानजाई

चंद्रभागाताई, नमस्कार पोचवला.

काल आईबरोबर पुन्हा बघितला. खालच्या ओळी मी मराठीत सांगत होते. तुरुंगाच्या प्रसंगाला मी गप्प झाले, तिला काय सांगू कळेना. तिनंही विचारलं नाही. तिला कळलं होतं बहुतेक. पदराशी चाळा करत बघत राहिली.

शेवटी तो आरसा धरून उभा राहिला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. पुढे सरकून पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, “मागचं राहिलंय की गं तिचं.”